हेडलाइट किती 'के'चा घ्यावा? कोकणातल्या पावसाचा, धुक्याचा आणि तांबड्या मातीचा हिशेब

आषाढ सरत आला की पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांत गर्दी वाढते. गणपतीला गावी जायचं असतं, प्रवास रात्रीचा, पाऊस धो धो, आणि गाडीचे दिवे मिणमिणते. काउंटरवर बल्बची खोकी मांडलेली असतात. ४३००के, ६०००के, ८०००के. दुकानदार विचारतो, "किती केचा देऊ?" आणि बहुतेक गिऱ्हाईकं मोठ्या आकड्याकडे बोट दाखवतात. आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त, असाच सगळ्यांचा समज असतो.

हा समज चुकीचा आहे, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर तो महागात पडतो. खोक्यावरचा 'के' उजेड किती हे सांगतच नाही. शिवाय ज्या मंद, पिवळट दिव्यांना कंटाळून माणूस दुकानात आलेला असतो, त्या दिव्यांचा दोष बऱ्याचदा बल्बमध्ये नसतोच. मी वर्षभर याच रस्त्यांवर रात्रीची गाडी चालवतो, ओळखीतल्या लोकांच्या गाड्यांचे दिवे पाहतो, आणि दर पावसाळ्यात तेच चुकीचे बल्ब बसवलेले दिसतात. म्हणून हे जरा सविस्तर.

## हा 'के' म्हणजे नेमकं काय

'के' म्हणजे केल्विन, तापमानाचं एकक. दिव्याच्या बाबतीत तो फक्त रंगाची छटा सांगतो. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापायला लागलं की आधी काळपट लाल होतं, मग केशरी, मग पिवळं, आणि फार तापलं की पांढरट. एखादी वस्तू त्याही पुढे तापवत नेता आली तर ती निळसर दिसू लागते. दिव्याचा रंग अशा तापलेल्या वस्तूच्या ज्या तापमानाच्या रंगाशी जुळतो, ते त्या दिव्याचं रंगतापमान.

समईची ज्योत १९०० केल्विनच्या आसपास असते. जुना घरगुती पिवळा बल्ब २७००, गाडीचा साधा हॅलोजन साधारण ३२००, कंपनीकडून येणारा झेनॉनचा दिवा ४३०० च्या आसपास, भर दुपारचं ऊन ५५०० च्या पुढे. ६५०० ओलांडलं की पांढऱ्यात निळी झाक उतरते, ८००० ला ती ठळक होते आणि १०–१२ हजारांवर दिवा जांभळट दिसायला लागतो.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. या आकड्यांतली पावलं सारखी नाहीत. ३२०० वरून ४३०० वर गेलात की डोळ्यांना मोठा फरक जाणवतो. तेवढाच फरक ६००० च्या पुढे जाणवायला कित्येक हजारांची उडी लागते. म्हणून 'थोडा पांढरा हवा' एवढीच इच्छा असेल तर ४३०० लाच ती पूर्ण होते.

## मग उजेड कशात मोजायचा

उजेडाचं एकक ल्युमेन. दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून किती उजेड बाहेर पडतो, ते हा आकडा सांगतो. आपल्या अनेक गाड्यांत असतो त्या एच-फोर जातीच्या ६०/५५ वॅटच्या बल्बचं प्रमाण अप्परला, म्हणजे लांबच्या झोताला, १६५० आणि डिपरला, म्हणजे खाली झुकलेल्या झोताला, १००० ल्युमेन असं धरलेलं आहे. ३५ वॅटचा चांगला झेनॉन ३२०० च्या आसपास देतो.

पण ल्युमेन मोजूनही काम भागत नाही, कारण तो उजेड पडतो कुठे हा खरा प्रश्न असतो. माडाच्या बागेला शिपणं लावताना मोठा पंप आणला आणि पाट मात्र फुटका ठेवला, तर पाणी आळ्यात न जाता वाटेवर वाहून जातं. गाडीत बल्ब हा पंप आणि त्यामागचा आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर, हा पाट. डिपरचा उजेड रस्त्यावर आणि डाव्या कडेला पडायला हवा. तो झाडांच्या शेंड्यांवर किंवा समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर गेला तर ल्युमेन कितीही असोत, तुमच्या कामाचे नाहीत.

खोक्यावरच्या ल्युमेनवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. '२०,००० ल्युमेन' असं लिहिलेली एलईडीची जोडी सर्रास मिळते. यातला एकेक बल्ब पुष्कळदा प्रत्यक्षात २५–३० वॅट वीज घेतो. इतक्या लहान जागेत तापलेली चांगली एलईडी वॅटमागे शंभर-सव्वाशे ल्युमेन देते. गुणाकार करून बघा. जोडी मिळून सहा-सात हजारांच्या वर जाणं कठीण, आणि आरशात गेल्यावर त्यातलाही बराच वाया जातो.

## हॅलोजन, झेनॉन, एलईडी: तिन्हींचं गणित वेगळं

'सहा हजार केल्विन' हा शब्दप्रयोग एकच असला तरी तो तीन जातींच्या दिव्यांत तीन वेगळ्या रीतींनी येतो.

हॅलोजनमध्ये टंगस्टनची तार तापून उजेड देते. टंगस्टन सुमारे ३७०० केल्विनला वितळतं. म्हणजे ५००० केल्विनची तार असूच शकत नाही! मग 'सुपर व्हाइट ५०००के' हॅलोजन येतो कुठून? काचेवर निळा थर देऊन. हा थर तारेतून निघालेला पिवळा-लाल उजेड अडवतो आणि उरलेला बाहेर सोडतो. उजेडात भर काहीच पडत नाही, उलट वजाबाकी होते. ती भरून काढायला तार जास्त तापवतात, म्हणून असे बल्ब लवकर जातातही. जास्त पैसे मोजून कमी उजेड घ्यायचा, एवढाच या खरेदीचा अर्थ. निळ्या काचेचा हॅलोजन कोकणात कुणीही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

झेनॉनमध्ये, ज्याला आपण दुकानात एचआयडी म्हणतो, तार नसते. दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी धरून ठेवलेली असते आणि आतले क्षार रंग ठरवतात. यात सर्वांत जास्त उजेड ४३०० च्या आसपास मिळतो. ६००० ला तो घटतो, ८००० ला आणखी. गाडीच्या कंपन्या वर्षानुवर्षं ४३०० च्याच नळ्या बसवत आल्या, त्यामागे हे कारण आहे.

एलईडीत गणित थोडं उलटं आहे. मूळ चिप निळी असते आणि तिच्यावरचा पिवळा लेप त्या निळ्यातला काही भाग पिवळ्यात बदलतो, म्हणून एकूण उजेड पांढरा दिसतो. लेप कमी तर दिवा निळसर आणि ल्युमेन किंचित जास्त. म्हणून बाजारात ६०००–६५०० ची एलईडी सगळ्यात सहज मिळते आणि ४३०० ची शोधावी लागते. ल्युमेनच्या हिशेबात ६००० ची एलईडी मागे नाही, हे मान्य करायला हवं. तिचा तोटा दुसरीकडे आहे. तो समजायला रस्त्यावर उतरावं लागेल.

## ओलं डांबर आणि तांबडी बाजूपट्टी

पावसात दिवे 'लागतच नाहीत' अशी तक्रार प्रत्येकजण करतो. दिवे लागलेले असतात. कोरडं डांबर खडबडीत असतं, त्याच्यावर पडलेला उजेड चारी दिशांना विखुरतो आणि त्यातला थोडा तुमच्या डोळ्यांकडे परत येतो. पाऊस पडला की खडबडीतपणा पाण्याखाली जातो आणि रस्ता आरसा होतो. तुमचा उजेड पुढच्या पुढे निघून जातो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो, तुमच्याकडे जवळजवळ काहीच परतत नाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टेही पाण्याच्या थराखाली निस्तेज होतात. पाण्याच्या या आरशाला केल्विनशी देणंघेणं नाही. ३२०० असो वा ६५००, ओलं डांबर काळंच दिसणार.

अशा वेळी ड्रायव्हर कशावर भरवसा ठेवतो? कडेवर. डांबर कुठे संपतं, माती कुठे सुरू होते, गटार कुठे, गडगा कुठे. आणि आपल्याकडे ही कड तांबडी असते. जांभ्याच्या मातीत लोहाची संयुगं असतात. ती निळा उजेड शोषतात आणि लाल-पिवळा परतवतात, म्हणून तर माती तांबडी दिसते. आता निळ्याकडे झुकलेला, लाल कमी असलेला उजेड तिच्यावर टाकला तर परत यायला मुळात कमीच उरतं. माती मळकट तपकिरी दिसते आणि डांबराच्या काळ्यात मिसळून जाते. तेवढ्याच ल्युमेनचा उबदार उजेड टाकला तर तीच पट्टी थोडी उजळ आणि तांबूस दिसते, आणि डांबराची कड वेगळी ओळखू येते.

राजापूर किंवा देवगडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, रात्री हे स्वतः करून बघता येईल. कडेला जांभ्याचा चिरेबंदी कठडा असेल तिथे गाडी सुरक्षित उभी करा, आधी साध्या हॅलोजनचा उजेड पाडा, मग मित्राच्या ६५०० च्या एलईडीचा. एलईडीत कठडा राखाडी होतो, चिऱ्यांमधले सांधे सपाट होऊन जातात. हॅलोजनमध्ये प्रत्येक चिरा सुटा दिसतो, चिऱ्याची भोकंसुद्धा. पावसात गुहागर-वेंगुर्ल्याकडच्या अरुंद रस्त्यावर एसटीला बाजू देताना डावं चाक कुठवर उतरवायचं, हे याच फरकावरून कळतं.

## पिवळा उजेड धुकं कापतो, हे खरं का?

आंबोली हे महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. तिथे, आणि आंबा, कुंभार्ली, फोंडा, करूळ या घाटांत पावसाळ्यात ढगच रस्त्यावर उतरतात. जुने ट्रकवाले सांगतात की पिवळा दिवा धुकं कापतो. शास्त्र शिकलेले काही जण सांगतात की हा शुद्ध गैरसमज. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

आकाश निळं दिसतं कारण हवेचे कण अतिसूक्ष्म असतात आणि ते निळा उजेड जास्त विखुरतात. त्यावरून लोकांनी अंदाज बांधला की धुकंही निळाच विखुरत असेल आणि पिवळा आरपार जात असेल. पण धुक्याचा थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा दहा-वीस पट मोठा असतो. एवढा मोठा थेंब सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतो. म्हणूनच धुकं पांढरं दिसतं. पिवळा उजेड धुक्यात जास्त लांब जात नाही.

तरीही पिवळ्या दिव्यानं बरं वाटतं, त्याचं कारण डोळ्यात आहे. निळा उजेड डोळ्याच्या भिंगातून जाताना पडद्याच्या थोडा अलीकडेच एकवटतो, त्यामुळे निळ्याची प्रतिमा धूसर पडते. ज्या मध्यबिंदूनं आपण बारीक नजर रोखतो, तिथे निळा ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ नसतात. म्हणजे बारकावे दिसायला निळ्याचा उपयोग कमी, पण डोळ्यांना खुपायला तो पुढे. धुक्यातून उलटून येणाऱ्या पांढऱ्या पडद्यातला निळा भाग काढून टाकला की खुपणं कमी होतं आणि लांबच्या प्रवासात डोळे कमी शिणतात. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत सगळ्या गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, त्यामागे हाच विचार होता.

रंगापेक्षा मोठं काम फॉग लॅम्पची जागा करते. तो बंपरच्या खाली, जमिनीलगत असतो, आणि त्याचा झोत रुंद, चपटा, वरून सरळ कापलेला असतो. तुमच्या नजरेच्या रेषेपासून तो जितका खाली, तितका धुक्यातून उलटणारा उजेड डोळ्यांत कमी येतो. हे एकदा समजलं की घाटात धुकं आल्यावर अप्पर का मारायचा नाही, हेही समजतं. अप्परचा उजेड नेमका डोळ्यांसमोरच्या ढगावर पडतो आणि समोर भिंत उभी राहते.

## "पण ६००० लावल्यावर मला लख्ख दिसतं!"

ही सर्वांत प्रामाणिक तक्रार आहे आणि ती खोडून काढायची माझी इच्छा नाही. सारख्याच ल्युमेनचे दोन दिवे शेजारी ठेवले तर निळसर दिवा डोळ्यांना खरंच जास्त तेजस्वी भासतो. आपल्या डोळ्यांची घडणच तशी आहे. पण तेजस्वी भासणं आणि पुढचं ओळखता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाय बसली आहे की खड्डा आहे, हे ८० मीटरवरून कळलं तर दिवा चांगला.

त्यात आणखी एक फसगत होते. स्वस्त एलईडी बसवल्या की बॉनेटच्या पुढचे १०–१५ मीटर झगमगतात. ड्रायव्हर खूश होतो. पण जवळ इतका उजेड पडला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. पावसात तर जवळचा हा झगमगाट थेंबांवर पडून सरळ डोळ्यांत येतो. म्हणून दिवे बदलल्यावर चाकापुढचा रस्ता पाहून निर्णय घेऊ नका. कोरड्या रात्री, डिपरवर, किती लांबचा किलोमीटरचा दगड वाचता येतो ते आधी आणि नंतर बघा.

## "नव्या गाड्यांना कंपनीच पांढरे एलईडी देते, मग?"

देते, आणि त्या दिव्यांचा रंगही बहुतेक ५५००–६००० च्या घरात असतो. फरक असा की तिथे आख्खा दिवाच त्या एलईडीभोवती बेतलेला असतो. तुमच्या गाडीतला आरसा बेतलेला आहे तो एका बारीक तारेभोवती, मिलिमीटरच्या हिशेबानं. एच-फोर बल्ब हातात घेऊन नीट बघा. डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी दिसेल. तारेचा उजेड आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर जाऊ नये, एवढ्यासाठी ती असते, आणि तिच्यामुळेच डिपरची वरची कड कापल्यासारखी दिसते. एलईडीच्या बल्बमध्ये तारेच्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिपा असतात. जाडी वेगळी, जागा वेगळी, उजेड फेकायची दिशा वेगळी. काही चांगल्या बनावटीचे बल्ब तारेची बऱ्यापैकी नक्कल करतात, पण ते प्रत्येक गाडीच्या आरशात जमतातच असं नाही. जर्मनीत २०२० मध्ये बदली एलईडीला पहिल्यांदा रस्त्यावर परवानगी मिळाली, तीही तपासून पास केलेल्या ठरावीक मॉडेलांपुरती.

प्रोजेक्टर असलेल्या गाडीत, म्हणजे दिव्यात गोल भिंग दिसतं त्या गाडीत, उजेडाची कड आतला पत्रा कापतो. त्यामुळे तिथे बदललेला बल्ब समोरच्याला कमी त्रास देतो, तरी झोताचा मध्य ढिला पडू शकतो. बाहेरून आणलेलं प्रोजेक्टर बसवणार असाल तर एवढं पाहाच: डिपर भिंतीवर पाडल्यावर उजेडाची पायरी डावीकडे चढली पाहिजे. उजवीकडे चढत असेल तर ते रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवणाऱ्या देशांसाठी बनवलेलं आहे. आपल्याकडे ती पायरी थेट समोरच्याच्या डोळ्यांत जाते.

किनाऱ्याकडच्या लोकांसाठी एक खास धोका आहे. एलईडीच्या बल्बला मागे पंखा किंवा जाड शेपटी असते. त्यामुळे दिव्याच्या मागचं रबरी झाकण बसत नाही. कारागीर ते कापतो किंवा काढून डिकीत टाकतो. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात हे कदाचित खपून जाईल. जुलैत मालवण-हर्णैच्या खाऱ्या दमट हवेत दिव्याच्या आत दव धरतं, हॅलोजनसारखी पुढे उष्णता नसल्यामुळे काचेवरचं धुकं सुकत नाही, आणि आरशावरचा चांदीसारखा थर डागाळतो. तो थर पुसून चकाकत नाही. पूर्ण दिवा बदलावा लागतो.

## समोरून येणाऱ्याचं काय

"सगळ्यांनी लावलेत, मीच का अंधारात राहू?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय आणि त्यामागची चीड मला समजते. पण अरुंद रस्त्यावर समोरच्याला आंधळं करण्यात तुमचाच तोटा आहे. ताशी ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. डोळे दिपल्यावर सावरायला तीन सेकंद लागले तर तो ड्रायव्हर ५० मीटर न बघता आला, आणि तो येतोय तुमच्याच दिशेनं. वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग गढूळ होत जातं, मोतीबिंदू सुरू झालेला असतो, उजेड आतल्या आत विखुरतो. त्या डोळ्यांना सावरायला आणखी वेळ लागतो. आपल्या गावांत रात्री रिक्षा, टेम्पो, स्कूटर चालवणारी साठीची माणसं कमी नाहीत. कडेनं बॅटरी घेऊन चालणारीही आहेत.

यावर एक फुकटचा उपाय बहुतेक गाड्यांत असतो आणि बहुतेक जण त्याला कधी हात लावत नाहीत. स्टिअरिंगच्या बाजूला दिव्याचं चित्र असलेलं, ० पासून पुढे आकडे असलेलं एक छोटं चाक असतं. मागच्या सीटवर तिघं, डिकीत सामान, असं झालं की गाडी मागून बसते, नाक वर होतं आणि डिपर अप्पर झाल्यासारखा वर जातो. तेव्हा हे चाक पुढच्या आकड्यावर फिरवायचं, झोत खाली येतो. सामान उतरलं की परत ० वर.

## कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०६ नुसार, दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत असा माणूस दिपणार नाही, इतका झोत खाली वळवलेला असला पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ उत्पादकाच्या तपशिलांत फेरफार करण्याविरुद्ध आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हॅलोजनच्या दिव्यात एचआयडी किंवा भलत्या वॅटचा बल्ब घालणं यात सापडू शकतं. रंगाबाबत सांगायचं तर, आंतरराष्ट्रीय नियमांत हेडलाइटच्या 'पांढऱ्या'ची हद्द निळ्या बाजूला साधारण साडेसहा हजारांच्या आसपास संपते. ८००० चा दिवा त्या व्याख्येत पांढराच नाही. फॉग लॅम्पला मात्र पांढरा आणि पिवळा दोन्ही चालतात.

## मग घ्यायचं काय

सुरुवात बल्बपासून करू नका. किनाऱ्यावर आठ-दहा वर्षं काढलेल्या गाडीचा दिवा पिवळट आणि मंद झाला असेल तर आधी होल्डरवरचा व्होल्टेज मोजून घ्या, इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना. बॅटरीवर १३-साडेतेरा आणि होल्डरवर बारा भरले तर मधला व्होल्ट खाऱ्या हवेनं खाल्लेल्या जोडांत आणि अर्थिंगमध्ये गेला. हॅलोजन याबाबत फार हळवा आहे. एक व्होल्ट कमी मिळाला की जवळजवळ पाव उजेड जातो. तार कमी तापते म्हणून रंगही आणखी पिवळा पडतो, आणि माणूस समजतो की बल्बच कमी 'के'चा आहे! अर्थिंगचा बोल्ट घासून घट्ट करणं, हिरवे पडलेले टर्मिनल बदलणं, जुन्या गाडीत रिलेसह (म्हणजे दिव्याला थेट बॅटरीची वीज जोडणाऱ्या स्विचसह) जाड वायरिंग टाकणं, यानं मूळच्याच बल्बचा उजेड परत येतो. नव्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या गाड्यांत मात्र वायर कापू देऊ नका, कंपनीच्या वर्कशॉपमध्येच दाखवा.

त्यानंतर काच. प्लॅस्टिकची काच उन्हानं पिवळी पडली असेल तर कोणताही बल्ब वाया. पॉलिश करता येतं, पण घासल्यावर वर संरक्षक थर मारून घ्या, नाहीतर काही महिन्यांत ती पुन्हा पिवळी पडते.

एवढं करून बल्ब घ्यायचाच असेल, तर रिफ्लेक्टरच्या दिव्यात चांगल्या बनावटीचा, मूळ वॅटचा, साध्या पारदर्शक काचेचा हॅलोजन घ्या. त्याच्यावर 'के' लिहिलेला नसला तरी चालेल, तो ३२०० च्या आसपासच असणार. ९०/१०० वॅटचे बल्ब नकोत, होल्डर वितळतात. मुळातच झेनॉन असलेल्या गाडीत ४३०० चीच नळी. प्रोजेक्टरमध्ये एलईडी घालायचं ठरवलंच असेल तर ४३०० शोधा, नाही मिळाली तर ५०००. ६००० ही मी शेवटची मर्यादा मानतो आणि तीसुद्धा ज्यांचा प्रवास बहुतेक शहरातला, उजेडाच्या रस्त्यावरचा आहे त्यांच्यासाठी. घाटातून नेहमी जाणं-येणं असेल तर हेडलाइटपेक्षा फॉग लॅम्पवर पैसे घाला, ३००० च्या आसपासचा पिवळा, चपट्या झोताचा.

बसवून झालं की तिथेच तपासा. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं लिहा. डिपरची वरची कड त्या खुणेखाली साधारण १० सेंटीमीटर हवी. हा १ टक्क्याचा उतार झाला, ६५ सेंटीमीटर उंचीवरच्या दिव्याचा झोत त्यानं ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. अनेक गाड्यांच्या दिव्यावर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर हा टक्का छापलेला असतो, तो असेल तर तोच धरा. कड स्पष्ट दिसते ना, डावीकडे चढते ना, आणि बॉनेटखाली दोन्ही दिव्यांच्या मागे रबरी झाकण बसलंय ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. झाकण कापलेलं दिसलं तर पैसे देण्याआधी नवं लावून घ्या.